अल्पवयी अपराधी, मादक व्यसन आणि कोंकणी घर

इंग्रजी अमदानींतले दोन कायदे आमच्यापुढें आहेत. पहिला १८७६ चा, हिंदुस्थान सरकारनें केलेला, तो सुधारशाळांचा. दुसरा १८७८ चा, मुंबई सरकारचा, तो अबकारीचा. योगायोग असा कीं, आपापल्या वर्षांत दोघांचाहि अनुक्रमांक पांचवाच आहे. पहिल्यानें अपराधी मुलास घरांतून उचलून सरकारी शाळेंत नेण्याची सोय केली. दुसऱ्यानें माडी परसांतून उचलून परवान्याच्या दुकानांत नेली. हे दोन्ही कायदे शेजारीं ठेवून वाचलेले आमच्या पाहण्यांत नाहींत, आणि ते साहजिकच आहे. एक शिक्षणाच्या व तुरुंगाच्या इतिहासांत पडतो, दुसरा वसुलाच्या. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर उभें राहून मागें पाहिलें असतां दोघांचा परिणाम एकाच ठिकाणीं, म्हणजे कोंकणी घराच्या ओसरीवर, झालेला दिसतो. मुलाचा अपराध आणि मुलाचें व्यसन या दोन्ही गोष्टी दोन वर्षांच्या अंतरानें घराच्या कारभारांतून निघून सरकारच्या कारभारांत गेल्या. त्या पुन्हां घराकडे कशा व कितपत वळत आहेत, हा आमच्या या लेखाचा विषय आहे.

मालवण, देवगड व वेंगुर्लें हे मुलूख तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत. सावंतवाडीचें संस्थान निराळें होतें. आणि तेरेखोलच्या बाजूस फिरंगी अंमल. आज ज्यास आपण सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतों तो १ मे १९८१ रोजीं रत्नागिरींतून निघाला. या सर्व पट्टींत माड हें झाड जसें अन्नाचें तसें पेयाचें. भंडारी समाजाची माणसें पहांटे व सायंकाळीं माडावर चढून पोय छेदीत, तिच्या टोकाशीं भांडें बांधीत, आणि जमलेला रस खालीं आणीत. ताजा असतां तो गोड. ऊन चढेल तसा आंबट व मादक. आणि तसाच ठेवला तर त्याचा शिरका होई. पीठ आंबविण्यास ती माडी, औषधास ती माडी, आणि पिण्यासहि तीच. याचा अर्थ जुन्या काळीं कोणी झिंगून पडत नसे असा कोणी घेऊं नये. माडीची ऊर्ध्वपातनानें दारू काढणें आमच्या लोकांस कंपनी सरकारनें शिकविलें नाहीं, आणि बायकोस मारणारे नवरेहि इंग्रजांबरोबर गलबतांतून उतरले नाहींत. अबकारीचा करहि १८७८ पूर्वीं होताच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कोणी किती घेतली हें घरास ठाऊक असे. ज्या झाडाची माडी, त्या झाडाखालीं ती प्यावयाची. आणि तेथें आजा, चुलता व शेजारी बसलेले. सोळा वर्षांच्या पोरानें दुसरा पेला पुढें केला तर 'पुरे' म्हणणारें माणूस समोर होतें.

१८७८ च्या कायद्यानें हें बदललें. झाडामागें कर बसला, छेदण्यास परवाना लागला, ऊर्ध्वपातन सरकारी देखरेखीखालीं एकवटलें, आणि विक्री मक्तेदाराकडे गेली. चार्ल्स प्रिचर्ड या कर्तबगार व कठोर अधिकाऱ्यानें ही व्यवस्था मुंबई इलाख्यांत बसविली. त्याच वर्षाच्या शेवटीं इंग्रज व पोर्तुगीज यांच्यांत तह होऊन १८८० पासून बारा वर्षें गोव्यांतील मीठ व अबकारीहि इंग्रजी पद्धतीशीं जुळविण्यांत आली. १८९२ त तो तह संपला आणि तेरेखोलच्या दोन तीरांवर पुन्हां दोन भाव सुरू झाले. दुकानाचा मालक 'पुरे' म्हणत नाहीं. त्यानें लिलांवांत पैसे मोजलेले असतात, आणि ते गिऱ्हाइकाकडूनच वसूल व्हावयाचे असतात. १८८० त पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतां जोतीराव फुल्यांनीं दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध जी तक्रार केली तिचें मर्म हेंच होतें.

आतां मुलांकडे वळूं. १८५० च्या उमेदवारीच्या कायद्यानें पोरक्या, दरिद्री व लहानसहान अपराध केलेल्या मुलांस एखाद्या धंदेवाल्याच्या हवालीं करण्याची मुभा मॅजिस्ट्रेटास दिली होती. जहाजावर उमेदवार म्हणून पाठविण्याचीहि तरतूद त्यांत होती. मुंबईस डेव्हिड ससून यांच्या देणगीनें १८५७ त उद्योगशाळा व सुधारशाळा स्थिर झाली, ती याच विचारांतून. १८७६ च्या कायद्यानें सोळा वर्षांखालील अपराधी मुलगा दोन वर्षांहून कमी नाहीं व सात वर्षांहून अधिक नाहीं इतकी मुदत सुधारशाळेंत ठेवावा असें ठरविलें, मात्र अठरावें वर्ष लागल्यावर त्यास तेथें ठेवतां येत नसे. पुढें येरवड्यास सरकारी सुधारशाळा निघाली. या सर्व योजनांच्या पोटीं एक सिद्धान्त होता, आणि तो विलायतेंतून आयात झालेला होता: मुलगा बिघडतो तो घरामुळें; म्हणून त्याची सुधारणा करावयाची तर पहिली गोष्ट म्हणजे त्यास घरापासून तोडावयाचें. दोन वर्षांहून कमी मुदत नको, हा आग्रह त्यासाठींच. थोड्या दिवसांत घराची संवय सुटत नाहीं, असें त्या सद्गृहस्थांस वाटे. मालवणचा मुलगा त्या काळीं आगबोटीनें मुंबईस किंवा तेथून पुढें येरवड्यास गेला म्हणजे त्याची आई त्यास भेटावयास जाईल ही कल्पनाच हास्यास्पद होती. तो परत येई तेव्हां त्यास सुतारकाम किंवा शिवणकाम येत असे, आणि घरांतलें कोणीहि ओळखीचें राहिलेलें नसे.

त्या योजकांच्या हेतूंवर आम्ही शिंतोडे उडवीत नाहीं. दहा वर्षांच्या पोरास प्रौढ कैद्यांच्या बराकींत कोंडण्यापेक्षां सुधारशाळा शतपट बरी होती. १९१९-२० च्या तुरुंग-समितीनें, सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालीं, मुलांस तुरुंगांत घालूंच नये व त्यांच्यासाठीं निराळीं न्यायालयें असावींत अशी शिफारस केली, तेव्हां त्या सुधारशाळांचा अनुभवच तिच्या पाठीशीं होता. मद्रासनें १९२० त, बंगालनें १९२२ त व मुंबईनें १९२४ त मुलांचे कायदे केले. मुंबईचा कायदा अमलांत यावयास १९२७ साल उजाडलें. त्याच वर्षीं 'चिल्ड्रेन्स एड सोसायटी' स्थापन झाली, आणि उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतींत मुलांचें गृह आलें. हा तोच डोंगरीचा तुरुंग, जेथें १८८२ त टिळक व आगरकर यांनीं शिक्षा भोगली, आणि ज्यावर आगरकरांनीं आपल्या एकशें एक दिवसांची हकीकत लिहून मराठी वाङ्मयांत एक पुस्तक वाढविलें. ज्या भिंतींत दोन संपादक मावले त्याच भिंतींत पुढें अनाथ, चुकार व चोर पोरें मावूं लागलीं. नांव बदललें, भिंती त्याच. मुलांसाठीं नवी इमारत बांधावी असें ज्यांस वाटलें नाहीं त्यांनीं कायदा मात्र नवा केला, हा आमच्या राज्यकर्त्यांचा नेहमींचा क्रम होय.

तथापि १९२४ च्या कायद्यांत एक नवें बीज होतें. मुलाची शिक्षा ठरविण्यापूर्वीं त्याच्या घरची चौकशी व्हावी, आणि शक्य तेथें त्यास आईबापांच्या स्वाधीन करून देखरेखीखालीं ठेवावें, ही कल्पना त्यांत शिरली. १९३८ त मुंबईनें अपराध्यांच्या परिवीक्षेचा स्वतंत्र कायदा केला. १९३६ त निघालेल्या टाटांच्या समाजकार्य-शाळेनें दुसऱ्याच वर्षीं मुंबईंत बालमार्गदर्शन केंद्र उघडलें. या देशांतील तें पहिलें. तेथें मुलाबरोबर आईसहि बोलवीत. घर हें रोगाचें मूळ म्हणून जें ओळखलें गेलें होतें, त्याला आतां निदान साक्षीदार म्हणून तरी बोलावणें आलें.

साक्षीदार म्हणून, वैद्य म्हणून नव्हे. हा भेद आमच्या मतें या साऱ्या इतिहासाचा कणा आहे, आणि तो नीट समजावयाचा तर कायद्यांचीं पुस्तकें मिटून रंगभूमीकडे गेलें पाहिजे. राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' हें नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ त बडोद्यास रंगभूमीवर आलें. मद्यपानाविरुद्ध मराठींत जेवढें लिहिलें व बोललें गेलें असेल त्या सर्वांहून या एका नाटकाचा परिणाम अधिक झाला. बालगंधर्वांच्या सिंधूसाठीं प्रेक्षक ढसढसा रडले. सुधाकर बुडाला, सिंधु दळण दळून मेली, मूलहि गेलें. पण आम्ही तें नाटक पुन्हां वाचतों तेव्हां एक प्रश्न सुटत नाहीं. सिंधूनें करावें काय? तिनें सोसलें, झांकलें, क्षमा केली, आणि प्रत्येक वेळीं पुन्हां विश्वास ठेवला. नाटकांत, आणि नाटकगृहांतहि, हेंच तिचें भूषण ठरलें. आजचा व्यसनोपचार सांगतो कीं, पिणाऱ्याचे पैसे भागविणें, त्याच्या वतीनें कचेरींत खोटें सांगणें, आणि त्याचा अपराध शेजाऱ्यांपासून लपविणें, या मायेच्या कृत्यांनींच व्यसन पोसलें जातें. सिंधूस हें कोणी सांगितलें नव्हतें. आमच्या आज्यांसहि नाहीं. मद्यपाननिषेधाच्या साऱ्या चळवळीनें कुटुंबास बळी म्हणून पुढें आणलें. बळीबद्दल कळवळा येतो. पण बळीकडून कोणी कामाची अपेक्षा करीत नाहीं.

अमेरिकेंत १९३५ त मद्यपींनीं मद्यपींसच सांवरण्याची संघटना काढली. तिच्यामागून १९५१ त त्यांच्या बायकांची व नातलगांची, आणि १९५७ त त्यांच्या मुलांची अशा निराळ्या मंडळ्या निघाल्या. म्हणजे तेथेंहि घर मागाहूनच आलें.

मुंबई राज्यांत मध्यंतरीं सरकारनें निराळाच मार्ग धरिला. १९४९ चा दारूबंदीचा कायदा होऊन १९५० च्या एप्रिलांत सर्वत्र बंदी लागू झाली. सावंतवाडी संस्थान १९४८ त विलीन झालेंच होतें. त्यामुळें तेरेखोलच्या अलीकडे पूर्ण बंदी आणि पलीकडे फिरंग्यांची मोकळीक, अशी स्थिति १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त होईपर्यंत होती. मुक्त झाल्यावरहि गोव्याचा अबकारी कायदा गोव्याचाच राहिला. गोव्याची स्वस्त दारू चोरून आणणें हा या सीमेवरचा तेव्हांपासूनचा धंदा आहे, आणि बांद्याजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर माल पकडल्याची बातमी सिंधुदुर्गांतील वाचकास नवी नाहीं. लहान मुलाच्या पिशवींत बाटली घातली म्हणजे शिपायाची नजर चुकते, ही युक्ति हातभट्टीवाल्यांनीं फार पूर्वींच शोधून काढली होती. व्यसन व अपराध यांची अल्पवयांत जी सोयरीक जुळते ती पुष्कळदां अशी: मुलगा प्रथम वाहून नेतो, मग चाखतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें मुलास मादक पदार्थ देणारास, आणि मुलाकरवीं असा पदार्थ विकविणारास वा वाहविणारास, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे, तो या अनुभवामुळेंच.

सीमेचें आणखी एक वैचित्र्य येथेंच सांगून टाकतों. गोव्यांत अठराव्या वर्षीं दारू पिण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. महाराष्ट्रांत बिअर व वाइन यांसाठीं एकवीस, आणि कडक दारूसाठीं पंचवीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात. तेव्हां सावंतवाडीचा एकोणीस वर्षांचा तरुण नदी ओलांडली कीं निर्दोष होतो आणि परत आला कीं अपराधी. अशा कायद्याबद्दल मुलांच्या मनांत आदर कसा निर्माण करावा, हें आम्हांस कोणी शिकवील तर आम्ही त्याचे ऋणी होऊं.

१९८० नंतर मुंबई-पुण्याकडे गर्द आली. ती घेणारे दारुड्यांहून वयानें लहान होते, आणि दारूस पांच-दहा वर्षें लागत तें काम ती महिन्यांत करी. अनिल अवचट यांनीं या विषयावर लिहिलेलें वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं साहाय्य दिलें, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत 'मुक्तांगण' सुरू झालें. डॉ. अनिता अवचट तेथील मानसोपचारज्ञ. संस्थेची घडी त्यांनीं बसविली. येरवड्यास तुरुंग, सुधारशाळा व वेड्यांचें इस्पितळ हीं तिन्ही पूर्वींचींच. चौथें आलें तें मात्र कुलुपावांचून चालविण्याच्या हट्टानें. आमच्या विषयास महत्त्वाचें तें हें कीं, तेथें येणाऱ्यांच्या बायकांसाठीं 'सहचरी' नांवाची मंडळी निघाली. सिंधूला जें कोणी सांगितलें नव्हतें तें येथें सांगूं लागले: नवऱ्याचें पिणें ही तुझी चूक नव्हे, आणि तें तूं झांकूंहि नको. महाराष्ट्रांत घर वैद्याच्या भूमिकेंत प्रथम शिरलें तें, आमच्या समजुतीनें, या खोलींतून. मद्रासेस शांती रंगनाथन यांनीं १९८० त काढलेल्या संस्थेनें नातलगांचा निराळा अभ्यासक्रम ठेवला, आणि तंजावरकडच्या मंजक्कुडी गांवीं शिबिरें भरवून उपचार रोग्याच्या दारीं नेला. तेंहि याच जातीचें काम.

असें असतांहि, हे बहुतेक उपचार प्रौढ पुरुषांचे. पंधरा-सोळा वर्षांच्या अपराधी मुलाची गोष्ट निराळी आहे. तो स्वतः होऊन उपचारास येत नाहीं; त्यास पकडून आणलेलें असतें. त्यास बायको नसते, आई असते. आणि व्यसनापूर्वींचें असें जें स्थिर आयुष्य प्रौढास परत मिळवावयाचें असतें तें त्याचें अजून घडलेलेंच नसतें.

या मुलांचा विचार प्रथम ज्यांनीं नेटानें केला त्यांत साल्व्हादोर मिनुचिन यांचें नांव घेतलें पाहिजे. न्यू यॉर्कजवळच्या विल्टविक येथील मुलांच्या शाळेंत काम करितांना त्यांच्या लक्षांत आलें कीं, मुलें शाळेंत सुधारतात आणि घरीं परतलीं कीं पूर्ववत् होतात. सुधारशाळांच्या शंभर वर्षांच्या इतिहासांत हें कोणाच्या ध्यानांत आलें नसेल असें नाहीं. पण इतरांनीं त्यावरून मुलास अधिक दिवस ठेवावें असा निष्कर्ष काढला, आणि मिनुचिन यांनीं घरच शाळेंत बोलावलें. त्यांचें व त्यांच्या सहकाऱ्यांचें पुस्तक १९६७ त निघालें. पुढें युटाह येथें जेम्स अलेक्झांडर, मायामीस होझे सापोच्निक व हॉवर्ड लिडल, आणि दक्षिण कॅरोलायनांत स्कॉट हेंगलर यांनीं अशाच पद्धति बसविल्या. हेंगलरांच्या पद्धतींत उपचारक कचेरींत बसत नाहीं. तो मुलाच्या घरीं जातो, शाळेंत जातो, त्याच्या मित्रांची चौकशी करितो. त्याच्याकडे एका वेळीं चार ते सहाच कुटुंबें असतात, आणि तीन ते पांच महिने दिवसारात्रीं केव्हांहि त्यास हांक मारतां येते. मुलास उपदेश करण्यांत तो वेळ घालवीत नाहीं. बाप व आई यांच्यांत नियम कोणी करावयाचा, मोडल्यास काय करावयाचें, मुलगा रात्रीं कोणाबरोबर असतो हें कोणी विचारावयाचें, असलीं रोजचीं कामें तो घरास शिकवितो.

या पद्धतींचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत, म्हणून दुसरी बाजूहि सांगणें अवश्य आहे. मिसूरी येथील १९९५ च्या अभ्यासांत चार वर्षांनीं पाहतां पुन्हां अटक होणाऱ्यांचें प्रमाण, एकट्या मुलावर उपचार झालेल्या गटाच्या मानानें, निम्म्याहूनहि कमी भरलें. लिडल यांच्या पद्धतीची परीक्षा युरोपांतील पांच शहरांत गांजा ओढणाऱ्या साडेचारशें मुलांवर झाली, तिचाहि कौल २०१३ त अनुकूल पडला. उलट इंग्लंडांत ६८४ कुटुंबांवर झालेली व २०१८ त प्रसिद्ध झालेली परीक्षा म्हणते कीं, हेंगलरांची पद्धति तेथील नेहमींच्या सरकारी सेवेहून कांहीं अधिक करीत नाहीं. आमचा तर्क असा कीं, जेथें नेहमींची सेवाच चांगली तेथें नवीचें तेज दिसत नाहीं. पण तर्क तो तर्कच. आणि सिंधुदुर्गास इंग्लंडची नेहमींची सेवा मिळाली तरी आम्ही संतुष्ट होऊं, हेंहि खरें.

नातलगांस उपचारांत घेण्याची कल्पना केवळ पश्चिमेची, असें मात्र कोणी समजूं नये. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रोग्यांच्या नातलगांस आवारांतच तंबू ठोकून राहावयास लावलें, आणि वेल्लोरनेंहि तोच कित्ता गिरविला. परिचारक पुरेसे नव्हते हें एक कारण. परंतु रोगी लवकर घरीं गेले, आणि घरच्यांनीं त्यांस घरांत घेतलें. दारिद्र्यानें शिकविलेली ही विद्या आम्हीं पुढें विसरलों, आणि आतां ती बाहेरून जाडजूड ग्रंथांच्या रूपानें परत येत आहे.

आतां आमच्या मुख्य अडचणीकडे येतों. हे सर्व उपचार घर आहे असें धरून चालतात. कोंकणांतलें घर आहे कोठें? गेलीं शंभर-सवाशें वर्षें या किनाऱ्याचें घर दोन ठिकाणीं पसरलेलें आहे. बाप गिरणगांवांत, गांवकऱ्यांच्या खोलींत वळकटी टाकून, आई, आजी व मुलें मालवण, कणकवली, कुडाळच्या वाडींत, मध्यें मनिऑर्डर. बाप गणपतीस येई आणि शिमग्यास येई. मुलाच्या दृष्टीनें तो नवे कपडे आणणारा पाहुणा. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळ बाप कायमचे घरीं आले. पंचवीस वर्षें पाहुणा राहिलेला पुरुष बेकार होऊन ओसरीवर बसला, आणि ज्या घरांत आजपर्यंत आजीचा शब्द चालत होता तेथें आपला शब्द चालवूं लागला. त्या वर्षांत वयांत आलेल्या मुलांनीं घरांत काय पाहिलें याचा इतिहास लिहिला गेला पाहिजे. संपाच्या पुढाऱ्यांचा इतिहास पुष्कळ झाला. गिरण्या गेल्या तरी चाकरमानी गेला नाहीं. १९९८ त कोंकण रेल्वे पुरी झाली, प्रवास एका रात्रीचा झाला, पण बाप रोज घरीं जेवूं लागला असें झालें नाहीं.

येथें सापोच्निक यांचा एक प्रयोग आम्हांस फार उपयोगाचा वाटतो. मायामींत क्यूबाहून आलेल्या निर्वासितांचीं घरें. मुलें नव्या देशास चटकन् सरावलीं, आईबाप मागें राहिले, आणि दोघांमध्यें जी तेढ पडली तींतून मुलें नशेकडे वळलीं. उपचारास सगळें घर येईना. तेव्हां त्यांनीं एकाच माणसास धरून सगळ्या घरावर उपचार करून पाहिला, आणि तो सगळ्या घरास बोलावून केलेल्या उपचाराच्या जवळपास उतरला. कोंकणांत तें एक माणूस कोण असेल हें आम्हांस सांगावयास नको. आजी पैसे कोठें ठेवते हें मुलास ठाऊक असतें, आणि मुलगा रात्रीं कोठें जातो हें आजीस.

दुसरी गोष्ट वाडीची. या जिल्ह्यांत देवापुढें गाऱ्हाणें घालण्याची रीत आहे. मानकरी गाऱ्हाणें घालतो, आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यास दुजोरा देतात. कोणाच्या मुलास वाईट संगत लागली असेल तर तीहि देवाच्या कानीं जाते, आणि देवाच्या निमित्तानें वाडीच्या. नियम करणारें एक माणूस व तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणारे चाळीस डोळे, याहून पश्चिमेच्या उपचारकास काय हवें असतें? पण येथेंच मोठी अडचण आहे. २०१५ च्या कायद्याचें चौऱ्याहत्तरावें कलम अपराधी मुलाचें नांव वर्तमानपत्रांत वा अन्यत्र प्रकट करण्यास बंदी करितें, आणि तें योग्यच आहे. सोळाव्या वर्षीं लागलेलें 'गर्दुल्ला' हें नांव साठाव्या वर्षापर्यंत सुटत नाहीं. कायदा गुप्ततेनें मुलास वांचवूं पाहतो, वाडी उघडपणानें. वाडीला सर्व ठाऊक असल्याशिवाय ती मदत करूं शकत नाहीं, आणि ठाऊक झाल्यावर ती मदतच करील याची हमी नाहीं. मुलाच्या जातीवर, बापाच्या पतीवर, आणि चोरी कोणाच्या घरीं झाली यावर तें ठरेल. यावर आमच्याजवळ तोडगा नाहीं. वाडीचें स्तोत्र गाणाऱ्यांनीं हा विचार करावा एवढीच विनंती आहे.

कायद्याबद्दल आमची तक्रार नाहीं. १९८६ त शीला बरसे यांनीं तुरुंगांतील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें लावून धरला आणि त्याच वर्षीं देशभर एक कायदा झाला. मग २००० चा, आणि आतां २०१५ चा. त्यांत संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय म्हटला आहे, आणि मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. अठराव्या कलमान्वयें बाल न्याय मंडळ मुलास समज देऊन, त्याच्या आईबापांचेंहि समुपदेशन करून, घरीं पाठवूं शकतें. परिवीक्षेवर सोडूं शकतें. व्यसनमुक्तीच्या उपचारास जाण्याची आज्ञा करूं शकतें. १८७६ च्या दोन वर्षांच्या किमान मुदतीपासून येथपर्यंत येण्यास १३९ वर्षें लागलीं. मादक द्रव्यांविषयीं सरकारनें दिल्लीच्या वैद्यकीय संस्थेकडून करविलेल्या व २०१९ त प्रसिद्ध झालेल्या पाहणींत एक गोष्ट अशी आढळली कीं, हुंगण्याचे पदार्थ तेवढे मोठ्यांपेक्षां मुलांत अधिक चालतात: दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत शेंकडा १.१७, प्रौढांत ०.५८. मदतीची गरज असलेलीं अशीं मुलें देशांत चार लाख साठ हजार. डिंक, व्हाइटनर व पेट्रोल यांस ना अबकारीचा परवाना लागतो, ना इन्सुलीचा नाका आडवा येतो. तेथें जर कोणाचा पहारा बसूं शकला तर तो घराचाच.

समजा, देवबागेकडील सतरा वर्षांच्या एका मुलास मोटारीच्या चोरींत पकडलें आणि तो नशेंत होता. परिवीक्षा अधिकाऱ्यानें पंधरा दिवसांत सामाजिक तपासणीचा अहवाल मंडळापुढें ठेवावयाचा असतो. तो ओरोसहून निघून, कर्लीची खाडी एका बाजूस व समुद्र दुसऱ्या बाजूस असलेल्या त्या वाळूच्या पट्टीवर पोंचला. घरीं आई व आजी. बाप मुंबईस. मुलगा मामाबरोबर रापणीस जातो आणि त्याचा वांटा त्याच्या हातीं मिळतो. नशेचे पैसे तेथून येतात. फॉर्मांत या वांट्यासाठीं रकाना नाहीं, पण अधिकाऱ्यानें मामास गांठून तोच विचारला पाहिजे. पुढील हंगामापासून हा वांटा मुलाच्या हातीं द्यावयाचा, आईच्या, कीं आजीच्या, हें घरानेंच बसून ठरवावें लागेल, आणि बापासहि त्या बैठकींत निदान फोनवर तरी असावें लागेल. गणपतीस अजून चार महिने असतील, तर अहवालाचे दिवस पंधराच आहेत.